आधी ‘ज्या’ म्हणा, मग ‘विच’

आठवी-नववीच्या वह्या तपासायला घेतल्या की ‘द बस विच आय केम’ हे वाक्य भेटतंच. त्याच्या मागोमाग ‘द हाऊस विच आय लिव्ह’ येतं, आणि दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की ‘द रूम विच कॉटन इज केप्ट’. लाल पेनानं मध्ये ‘ऑन’ किंवा ‘इन’ घालून दिलं की तेवढ्यापुरतं भागतं. पुढच्या वेळी तेच पोर ‘द चेअर विच आय सिट’ लिहून आणतं. इतकी पोरं, इतकी वर्षं, एकाच जागी आणि एकाच पद्धतीनं अडखळत असतील तर त्याला आळस म्हणता येत नाही. त्यामागं कारण असतं, आणि ते कारण मला इंग्रजीच्या पुस्तकात सापडलं नाही. ते आपल्याच बोलण्यात सापडलं.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात इंग्रजी शिकवते. घरी कोरडवाहू शेती आहे, कपाशी आणि तूर. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी आलं. म्हणजे नववीत बसलेलं पोर आठ वर्षं इंग्रजी वाचून आलेलं असतं. ‘बस’, ‘विच’, ‘केम’, ‘ऑन’ यातला एकही शब्द त्याला नवा नसतो. अडतं ते शब्द जोडताना. इंग्रजी वाक्यं इथे मी मुद्दाम देवनागरीत लिहिते आहे, कारण पोरांच्या मोबाइलवर त्यांचे आईबापही हे वाचतात, आणि ज्यांना आपण इंग्रजीत कच्चे समजतो त्यांच्या बोलण्यातच या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

आता मराठी वाक्य बघा. ‘मी बसनं आलो.’ यात ‘नं’ आहे. याच वाक्यातून बस उचलून पुढे आणायची असेल तर आपण म्हणतो, ‘मी आलो ती बस’. ‘नं’ कुठे गेला? गेलाच. ‘आई भाकरी भाजते तो तवा’ म्हणताना तव्यावरचा ‘वर’ गेला. ‘आम्ही पाणी भरतो ती विहीर’ म्हणताना ‘तून’ गेला. ‘कापूस ठेवलेली खोली’ म्हणताना खोलीतला ‘त’ गेला. (ज्यांच्या घरी भाव चढण्याची वाट बघत कापूस पडून असतो त्यांना ती खोली चांगलीच माहीत आहे, झोपायला जागा नाही आणि रात्रभर अंगाला खाज.) ‘बसायची खुर्ची’, ‘लिहायचा पेन’, ‘पाणी काढायचा दोर’, सगळीकडे तेच. मराठीला ही मोठी सोय आहे. क्रिया आणि वस्तू शेजारी ठेवली की त्यांच्यातलं नातं ऐकणारा आपणहून लावून घेतो. तव्यावरच भाकरी भाजतात, तव्याखाली नाही, हे सांगावं लागत नाही.

इंग्रजीला ही सोय नाही. तिथे नातं सांगणारा छोटा शब्द, ज्याला आपण प्रिपोझिशन म्हणतो, कुठेतरी यावाच लागतो. ‘द बस ऑन विच आय केम’ म्हणा किंवा ‘द बस आय केम ऑन’ म्हणा. ‘ऑन’ पुढे ठेवा नाहीतर मागे ठेवा, पण गाळता येत नाही. आमचं पोर ‘द बस विच आय केम’ लिहितं तेव्हा ते ‘मी आलो ती बस’ हे शुद्ध मराठी वाक्य शब्दाला शब्द लावून लिहीत असतं. मराठीत प्रत्यय पडला, म्हणून इंग्रजीतही पडला.

यावर उपाय मराठीतच आहे. आपल्याकडे हेच सांगायची दुसरी, सगळी अंगं दाखवणारी रीत आहे: ‘ज्या बसनं मी आलो ती बस’. इथे ‘नं’ परत आला. ‘ज्या तव्यावर आई भाकरी भाजते तो तवा’, ‘ज्या खोलीत कापूस ठेवला आहे ती खोली’, ‘ज्या दोरानं पाणी काढतो तो दोर’. ‘ज्या’ म्हटलं की प्रत्यय आल्याशिवाय राहत नाही. तो गाळून वाक्य बोलताच येत नाही. म्हणून माझ्या वर्गात पद्धत अशी की पेन उचलायच्या आधी वाक्य ‘ज्या’नं मोठ्यानं म्हणायचं. मग प्रत्ययाला बोट लावायचं. मग त्या जागी इंग्रजीत काय येईल ते ठरवायचं. मग वस्तूचं नाव सगळ्यांच्या आधी न्यायचं, कारण मराठी ‘ज्या’नं सुरू करते आणि इंग्रजी वस्तूपासून. द रूम. इन विच. कॉटन इज केप्ट.

आणि हे प्रमाण मराठीतच म्हटलं पाहिजे असं अजिबात नाही. ‘ज्या हिरीतून आमी पानी काढतो ते हीर’ असं पोरगी म्हणाली तर मी ‘हीर’चं ‘विहीर’ करत बसत नाही. ‘ज्या’ आहे, ‘तून’ आहे, ‘ते’ परत आला आहे. व्याकरण पुरतं जागच्या जागी आहे. जिला ‘ज्याच्यासंग’ म्हणता येतं तिच्याजवळ ‘विथ हूम’ आधीपासून आहे. जो ‘ज्याले पैसे देल्ले तो मानूस’ म्हणतो त्याच्या तोंडात ‘टू हूम’ तयार आहे. वऱ्हाडी बोलीमुळे इंग्रजी कच्चं राहतं, असं शिकल्यासवरल्या लोकांकडून ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं. उलट शहरात वाढलेली, ‘ज्या’ची वाक्यं फारशी न बोलणारी मुलंही याच ठिकाणी अडतात.

शाळेतल्या व्याकरणात आपण ‘जो’ला संबंधी सर्वनाम म्हणतो, आणि प्रत्यय लागण्याआधी त्याचं ‘ज्या’ होतं त्याला सामान्यरूप. इंग्रजीत ‘हू’चं ‘हूम’ होतं ते याच जातीचं आहे. ‘टू हू’ लिहायचं नाही, ‘टू हूम’ लिहायचं, हे सांगताना मी विचारते, ‘जोला’ म्हणता का कधी? ‘ज्याला’ म्हणता ना? लगेच कळतं. फरक एवढाच की ‘विच’ला असं वेगळं रूप नाही, ते सगळीकडे ‘विच’च.

इथपर्यंत पोरं भराभर येतात. खरी मेहनत पुढे आहे, कारण प्रत्यय सापडला म्हणजे प्रिपोझिशन सापडलं असं होत नाही.

‘ज्या कुत्र्याला मी घाबरतो तो कुत्रा.’ इथे ‘ला’ आहे. ‘ला’ म्हणजे ‘टू’, असं पाठ केलेलं पोर ‘टू विच आय ॲम अफ्रेड’ लिहितं. पण इंग्रजीत माणूस कुत्र्या‘चा’ घाबरलेला असतो, ‘अफ्रेड ऑफ’. मग ‘द डॉग ऑफ विच आय ॲम अफ्रेड’, किंवा बोलताना ‘द डॉग आय ॲम अफ्रेड ऑफ’. ‘ज्याला सगळे हसले तो मुलगा’ यातही ‘ला’ आहे, पण इंग्रजी हसणं ‘ॲट’ असतं: ‘द बॉय ॲट हूम एव्हरीवन लाफ्ड’. ‘ज्याची वाट पाहतो’ यात ‘ची’ आहे, तिथे येतं ‘फॉर’. ‘ज्याच्याशी बोललो’ यात ‘शी’ आहे, तिथे ‘टू’. ‘ज्याच्यावर अवलंबून आहे’ यात मात्र ‘वर’ला ‘ऑन’ नीट बसतं: ‘द रेन ऑन विच अवर क्रॉप डिपेंड्स’. कोरडवाहूवाल्यांना हे वाक्य वेगळं शिकवावं लागत नाही.

म्हणजे प्रत्यय फक्त एवढं सांगतो की इथे काहीतरी यायचं आहे. काय यायचं ते क्रियापद ठरवतं. म्हणून मी पोरांना क्रियापद एकटं पाठ करू देत नाही. ‘वेट’ नाही, ‘वेट फॉर’. ‘लिसन’ नाही, ‘लिसन टू’. ‘अफ्रेड’ नाही, ‘अफ्रेड ऑफ’. आणि जिथे मराठीत प्रत्यय आहे पण इंग्रजीत काहीच लागत नाही अशी क्रियापदं वहीच्या शेवटच्या पानावर वेगळी लिहून ठेवायची. ‘ज्या विषयावर आम्ही चर्चा केली’ म्हणजे ‘विच वी डिस्कस्ड’. तिथे ‘अबाउट’ही नाही आणि ‘ऑन’ही नाही. ‘ज्या गावाला आम्ही पोचलो’ म्हणजे ‘विच वी रीच्ड’. ‘जिच्याशी त्यानं लग्न केलं’ म्हणजे ‘हूम ही मॅरीड’. ‘ज्याच्यावर माझं प्रेम आहे’ म्हणजे नुसतं ‘हूम आय लव्ह’. हे शेवटचं वाक्य दहावीच्या वर्गात कोणी विसरत नाही, म्हणून मी ते मुद्दाम ठेवलं आहे.

‘नं’चं तर वेगळंच प्रकरण आहे. ‘ज्या विळ्यानं तूर कापली तो विळा’ यात ‘नं’ हत्याराला लागला आहे. पोरं ‘बाय विच’ लिहितात, कारण पॅसिव्ह, म्हणजे कर्मणी प्रयोग, शिकताना ‘कडून, नं म्हणजे बाय’ असं त्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. हातातल्या हत्याराला इंग्रजी ‘विथ’ लावते: ‘द सिकल विथ विच वी कट द तूर’. लिहायचा पेन, काढायचा दोर, फोडायची कुऱ्हाड, सगळ्यांना ‘विथ’. प्रवासाच्या गाडीला ‘बाय विच’ चालतं, पण बसला आणि रेल्वेला ‘ऑन विच’ जास्त सहज वाटतं, ऑटोला आणि कारला ‘इन विच’.

आता यातलं सर्वांत अवघड. वर्षानुवर्षं शिकवून माझी खात्री झाली आहे की मराठी पोराचा खरा घोटाळा इथे होतो, आणि त्याच्याबद्दल कोणी नीट सांगत नाही. ‘ज्यानं मला मारलं तो पोरगा.’ प्रत्यय आहे. आताच आपण शिकलो की प्रत्यय दिसला की प्रिपोझिशन शोधायचं. मग हुशार पोर लिहितं, ‘द बॉय बाय हूम हिट मी’. नेटानं नियम पाळणाऱ्याचीच चूक होते. कारण मराठीत मारणारा, खाणारा, बघणारा, म्हणजे कामाचा कर्ताच भूतकाळात ‘नं’ लावून येतो. इंग्रजी कर्त्याला कधीच प्रिपोझिशन लागत नाही. तिथे साधं ‘हू’: ‘द बॉय हू हिट मी’.

‘ला’चंही तसंच. ‘ज्याला भूक लागली आहे’, ‘ज्याला पोहता येतं’, ‘ज्याला ताप आहे’, ‘ज्याला इंग्रजी आवडतं’. मराठीत भूक त्याच्याकडे येते, ताप त्याच्याकडे येतो, पोहणंही त्याच्याकडे येतं. माणूस ‘ला’ लावून बाजूला उभा असतो. इंग्रजीत तोच पुढे होऊन कर्ता बनतो: ‘हू इज हंग्री’, ‘हू कॅन स्विम’, ‘हू हॅज फीवर’, ‘हू लाइक्स इंग्लिश’. ‘ज्याच्याकडे बैलजोडी आहे’ म्हणजे ‘हू हॅज अ पेअर ऑफ बुलक्स’. ‘टू हूम’ नाही, ‘नियर हूम’ तर नाहीच.

म्हणून ‘ज्या’ म्हटल्यावर आणि प्रत्ययाला बोट लावल्यावर अजून एक प्रश्न विचारायचा: इंग्रजीत हे काम करतं कोण? ‘ज्या’वालाच करत असेल तर प्रत्यय विसरा आणि ‘हू’ किंवा ‘विच’ लिहून मोकळे व्हा. करणारा वेगळा असेल, म्हणजे ‘ज्या बसनं मी आलो’ यात येणारा मी आणि बस वेगळी, तरच प्रिपोझिशन शोधायला निघा. हा एक प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवल्यापासून वह्यांमधलं ‘बाय हूम हिट मी’ फार कमी झालं आहे.

मोबाइलमुळे आणखी एक प्रश्न आला आहे, आणि तो रास्त आहे. पोरं इंग्रजी व्हिडिओ बघतात. तिथे कोणीही ‘द मॅन टू हूम आय टॉक्ड’ म्हणत नाही. ‘द मॅन आय टॉक्ड टू’ म्हणतात. मग पोरगं विचारतं, ‘मॅडम, त्यायचं चुकते काय?’

नाही चुकत. इंग्रजी बोलण्यात प्रिपोझिशन शेवटी टाकणं हे त्या भाषेचं जुनं वळण आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘विच’ आणि ‘हूम’ हे जोडणारे शब्द म्हणून नव्हतेच. तेव्हा एक न बदलणारा छोटा शब्द वापरून वाक्य जोडायचे, आणि तो वापरला की प्रिपोझिशन त्याच्या आधी येऊच शकत नव्हतं, पुढे क्रियापदाजवळच राहायचं. आजचा ‘दॅट’ त्याच वळणानं चालतो. म्हणून ‘द हाऊस दॅट आय लिव्ह इन’ बरोबर आणि ‘द हाऊस इन दॅट आय लिव्ह’ चूक. ‘दॅट’च्या आधी प्रिपोझिशन ठेवायचं नाही, हा नियम पोरांनी डोळे मिटून पाळावा असा आहे. ‘विच’ आणि ‘हूम’ हे जोडशब्द नंतर रुळले आणि सुरुवातीला बहुतेक प्रिपोझिशनच्या मागेच दिसायचे, म्हणून ‘इन विच’, ‘टू हूम’ ही जोडी आजही पक्की आहे.

मग शेवटी प्रिपोझिशन ठेवणं वाईट, हे कुठून आलं? जॉन ड्रायडन या इंग्रज कवीनं १६७२ मध्ये बेन जॉन्सनच्या नाटकातली एक ओळ दोषाचं उदाहरण म्हणून दाखवली; त्या ओळीच्या शेवटी ‘फ्रॉम’ आलं होतं. पुढे त्यानं स्वतःचं जुनं लेखन पुन्हा छापताना आपलीही अशी वाक्यं फिरवून घेतली. त्या काळच्या विद्वानांपुढे आदर्श होता लॅटिनचा, आणि लॅटिनमध्ये प्रिपोझिशन सहसा नामाच्या आधीच येतं. १७६२ मध्ये रॉबर्ट लोथ या इंग्रज धर्मगुरूनं आपल्या इंग्रजी व्याकरणात लिहिलं की बोलण्यात आणि घरगुती लिखाणात शेवटी ठेवलेलं चालतं, पण गंभीर लिखाणात आधी ठेवलेलं जास्त शोभतं आणि जास्त स्पष्ट असतं. हे सांगणारं त्याचं स्वतःचं एक वाक्य ‘टू’वर संपतं! पुढच्या मास्तरांनी मात्र ‘शोभतं’चं ‘असंच लिहा’ करून टाकलं. १९२६ मध्ये फाउलर या इंग्रज कोशकारानं आपल्या कोशात ही समजूत भ्रामक असल्याचं स्पष्ट लिहिलं, तरी ती कित्येक वर्गांत अजून जिवंत आहे.

मला लोथचं म्हणणं पटतं. दोन्ही रीती शिकवाव्यात आणि कुठली कुठे ते सांगावं. पण आधी कुठली शिकवायची, असं विचाराल तर माझं उत्तर पक्कं आहे: आमच्या पोरांना आधी ‘इन विच’. मराठीत प्रत्यय ‘ज्या’ला धरूनच असतो, सरकीला रुई धरून असते तसा. ‘ज्या विहिरीतून’ मधला ‘तून’ तोडून वाक्याच्या शेवटी टाकता येत नाही. इंग्रजी बोलणारे तो सहज सोडवून मागे ठेवतात, पण आमच्या पोराला ते वळण परकं आहे. ‘इन विच’ त्याच्या भाषेच्या जवळ आहे. ते एकदा बसलं की प्रिपोझिशन शेवटी ढकलणं हा पाच मिनिटांचा धडा होतो. उलट्या क्रमानं शिकवलं की शेवटचा ‘ऑन’, शेवटचा ‘टू’ हमखास गळतो, कारण मराठी कानाला शेवटी काही राहिल्यासारखं वाटतच नाही. काही पोरं दोन्हीकडे ठेवतात, ‘द हाऊस इन विच आय लिव्ह इन’. त्यांना एक खोडायला सांगायचं, कुठलाही. ‘व्हेअर’ लिहिलं तर मात्र ‘इन’ कुठेच नको, कारण आपल्या ‘जिथे’सारखं ते ‘व्हेअर’च्या पोटात आधीच आहे.

दुसरं कारण जास्त व्यवहारातलं आहे. खेड्यात इंग्रजी येतं ते कागदावर. कर्जाचा करार, विम्याची अट, वसुलीची नोटीस, नोकरीचा अर्ज. या कागदांवरच्या इंग्रजीत प्रिपोझिशन जवळजवळ नेहमी पुढेच असतं. ‘द पर्पज फॉर विच द लोन इज टेकन’ म्हणजे ज्या कारणासाठी कर्ज घेतलं ते. ‘द डेट ऑन विच द इन्स्टॉलमेंट फॉल्स ड्यू’ म्हणजे ज्या तारखेला हप्ता भरायचा ती. ‘द अकाउंट फ्रॉम विच द अमाउंट विल बी डेबिटेड’ म्हणजे ज्या खात्यातून रक्कम कापली जाईल ते. बघा, ‘साठी’, ‘ला’, ‘तून’, तिन्ही ‘ज्या’ला धरून आहेत. या वाक्यांत चुकलं तर मार्क जात नाहीत, पैसे जातात.

एकदा शेजारचे काका एक नोटीस घेऊन आले. मजकूर लहान होता: अमुक दिवसांत रक्कम भरा, ‘फेलिंग विच’ कारवाई होईल. त्यांच्या नातवानं वाचून सांगितलं होतं की यात नापास झाल्याचं काहीतरी लिहिलं आहे. नातू दहावी झालेला, शब्द सगळे ओळखणारा. पण ‘फेलिंग’ इथे प्रिपोझिशनसारखा ‘विच’च्या आधी बसला आहे आणि ‘विच’ मागच्या सगळ्या वाक्याकडे बोट दाखवतो, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. ‘ते न केल्यास’, एवढाच त्याचा अर्थ. त्या दिवसापासून मी नववीतच ‘फेलिंग विच’, ‘विदाउट विच’, ‘आफ्टर विच’, ‘ड्युरिंग विच’ शिकवते, अभ्यासक्रमात ते नंतर येवो की न येवो. ‘विदाउट विच’ म्हणजे ज्याच्याशिवाय, ‘आफ्टर विच’ म्हणजे ज्यानंतर. आपली शब्दयोगी अव्ययं जागच्या जागी बसतात.

काही ठिकाणी मराठी आणि इंग्रजी इतक्या जवळ येतात की मला शिकवताना आनंद होतो. ‘ज्याच्या शेतात विहीर खोदली तो शेतकरी’: ‘द फार्मर इन हूज फील्ड द वेल वॉज डग’. ‘ज्याच्या’ म्हणजे ‘हूज’, ‘शेतात’ म्हणजे ‘इन फील्ड’. फक्त ‘इन’ उचलून पुढे ठेवायचा. शहरातल्या इंग्रजी शाळेतली मुलं ‘इन हूज’ लिहायला बिचकतात, आमच्याकडे ते पहिल्या तासाला येतं. तसंच ‘पैकी’. ‘आमच्याकडे बारा एकर आहे, ज्यापैकी चार एकर पडीत आहे’: ‘ट्वेल्व्ह एकर्स, फोर ऑफ विच आर फॅलो’. माणसं असली तर ‘मोस्ट ऑफ हूम’, ‘नन ऑफ हूम’. इथे ‘ऑफ’ शेवटी ढकलायचा नाही, आणि आधी स्वल्पविराम हवा.

स्वल्पविरामाचं उदाहरण देताना मी शकुंतला घेते, कारण या भागातल्या प्रत्येक घरात तिच्या गोष्टी आहेत. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला जाणारी ती नॅरोगेज गाडी. मूर्तिजापूरला मोठी लाइन लागायची आणि कापूस तिथून मुंबईकडे जायचा. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, मग डिझेल आलं, आणि आता ती बंद आहे. ‘ज्या गाडीनं कापूस जायचा ती गाडी’ म्हणताना कुठली गाडी ते सांगायचं असतं, म्हणून स्वल्पविराम नाही: ‘द ट्रेन ऑन विच कॉटन वेंट’. पण ‘शकुंतला’ नाव घेतलं की कुठली हा प्रश्नच उरत नाही, पुढचं सगळं जास्तीची माहिती. तिथे स्वल्पविराम येतो: ‘शकुंतला, ऑन विच कॉटन वेंट टू मूर्तिजापूर’. आणि तिथे ‘दॅट’ चालत नाही. मराठीत दोन्हीकडे ‘ज्या’च असल्यानं हा फरक कानाला कळत नाही, डोळ्यांनीच शिकावा लागतो.

जोडक्रियापदांचं एक सांगते आणि थांबते. ‘लुक आफ्टर’, ‘गिव्ह अप’, ‘पुट अप विथ’ यांचे तुकडे अर्थानं एक झालेले असतात, ते तोडू नका. ‘ज्या म्हशीला मी सांभाळते’ म्हणजे ‘द बफेलो विच आय लुक आफ्टर’. ‘आफ्टर विच आय लुक’ लिहिलं तर म्हशीच्या मागे उभं राहून बघते आहे असं होईल.

आता ही वाक्यं करून बघा; ज्यांच्या घरी नववी-दहावीचं पोर आहे त्यांनी त्याच्याबरोबर बसून करा. मराठी तुम्ही सांगा, इंग्रजी त्याला लिहू द्या. ज्या धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) बाभूळ आहे तो धुरा. ज्या पुलावरून पावसाळ्यात पाणी जातं तो पूल. जिच्यापाशी मी शिवण शिकले ती मावशी. ज्या डॉक्टरची वाट पाहत आम्ही बसलो तो डॉक्टर. ज्यानं आमची तूर मोजली तो माणूस. इथे काम करणारा कोण ते आधी विचारा. ज्याच्या बैलांना पोळ्यात मान मिळाला तो शेतकरी. इथे ‘ला’ दिसतो आहे, पण इंग्रजीत तो लागतो का ते तपासा. आणि शेवटचं: ज्या ओसरीवर आम्ही सगळे बसतो ती ओसरी. हे ‘विच’ घेऊन, ‘दॅट’ घेऊन आणि दोन्ही गाळून, तिन्ही तऱ्हांनी लिहा. ‘ऑन’ कुठे कुठे फिरतो ते बघा आणि मोठ्यानं वाचा.